बिनटाचणीचा हिजाब

रेहाना वडे तळायला कढईवर वाकली आणि माझा हात सवयीने तिच्या गळ्याकडे गेला. पण आज धरायला काही नव्हतंच.

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती कामाला आली, तेव्हा तिचा हिजाब सुळसुळीत कापडाचा होता. ती वाकली की त्याचं टोक गॅसच्या जाळाकडे घसरायचं आणि शेजारी पोळ्या करणारी मी लाटणं टाकून ते धरायला धावायची. तिकडे माझी तव्यावरची पोळी करपायची. हिजाब काढ, असं मात्र मला कधी म्हणावंसं वाटलं नाही. माझ्या आईनेही चुलीपुढे डोक्यावरचा पदर कधी उतरवला नाही. फक्त तो कमरेला घट्ट खोचला.

मग परवा रेहानाची टाचणी हरवली. कणकेत पडली असेल या धास्तीने आम्ही दोघींनी अख्खी परात बोटांनी चाचपली. टाचणी निघाली तिच्याच पाठीवर, कापडात अडकलेली.

आज ती डोक्यावरून चढवायचा, शिवलेला सुती हिजाब घालून आली. टाचणी नाही, खालची कड ॲप्रनच्या आत खोचलेली.

"अम्मीने शिवला, ताई. घामपण टिपतो."

डोकं झाकावं की नाही, यावर बाहेर लोक तावातावाने भांडतात. त्यांनी खुशाल भांडावं. इथे जाळापुढे कापड पेटू नये, एवढीच काळजी असते, आणि ती आज एका आईने मिटवली.

जेवणं आटोपल्यावर रेहानाने पोळ्यांचा डबा उघडला आणि हसली.

"ताई, आज एकपण करपली नाही!"