पहिल्या लेव्हलचा खेकडा

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एकजण राहतो. तुर्भ्याच्या कंपनीत कामाला जातो आणि रविवारी कॉम्प्युटरवर जुन्या टाइपचा, उड्या मारत पुढं जायचा गेम बनवतो. टेस्टिंगला मलाच बोलावतो, कारण अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्याएवढं पटकन कोणी मरत नाय.

मी मेलो तरी तो कधी हसत नाय. चष्मा वर करून डॉक्टरसारखं विचारतो, "कसे मेलात दादा?" मी उगाच उड्या मारतो म्हणून त्यानं वरून झेपावणारं वटवाघूळ घातलं. मी घाबरून उभाच राहायला लागलो, तर मागून धावत येणारं डुक्कर आणलं.

"अरे बाबा, एकाच टाइपचे दुश्मन ठेव ना! डोक्याचा भुगा झाला माझ्या!"

"मग तुमी डोकं लावणारच नाय दादा. प्रत्येकानं वेगळा त्रास द्यायला पायजे."

गेल्या रविवारी बायको बघायला आली. म्हटलं, आज तिच्यासमोर पहिली लेव्हल पार करायचीच. त्यानं माझ्यासाठी सुरुवातीलाच सपाट जागेवर नवा खेकडा ठेवला होता, आधी सोप्यावर हात बसावा म्हणून. मी वर वटवाघूळ शोधत चाललो आणि थेट खेकड्यावर जाऊन मेलो.

तो घाईघाईनं म्हणाला, "वहिनी, चूक माझी. खेकडा फास्ट झाला. स्लो करतो."

बायको म्हणाली, "भावजी, तो जागचा हललाच नाय."

तरी तो मान खाली घालून बटणं दाबत बसला, खेकड्याला आणखी स्लो करायला.