दुसऱ्यांदा तापवलेलं पाणी

काकी प्रत्येकाचा डबा उघडून बघायच्या. न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या आमच्या ऑफिसात कँटीन त्यांच्याकडे होतं, आणि मायक्रोवेव्हही. भांडं हातात घेऊन त्या काठावरून नख फिरवायच्या. एकदा माझा वाडगा त्यांनी परत केला. "सोन्याची रेघ हाय याला. लग्नात बरी, यात नको."

एकदा साहेबांनी चपातीची गुंडाळी चांदीच्या कागदासकट आत ठेवली. ठिणग्या उडाल्या, कागदाने पेट घेतला. कोणीतरी दाराला हात घालणार, तेवढ्यात काकींनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि दारासमोर उभ्या राहिल्या. "उघडू नका. हवा लागली तर भडकंल." आग आपोआप विझली. मग साहेबांना म्हणाल्या, "तुमी शिकलेली मानसं, म्हणून जास्त भ्या वाटतं."

अशा बाईला काही होईल असं मला कधी वाटलंच नाही.

त्या दुपारी मी काचेच्या मगात चहासाठी पाणी तापवलं. तेवढ्यात फोन आला. परत येऊन बघितलं, तर पाण्यावर बुडबुडा नव्हता, म्हणून पुन्हा तीन मिनिटं लावलं. पुन्हा फोन. काकींनी माझ्यासाठी मग बाहेर काढला आणि त्यात चहाची पुडी सोडली.

पाणी एकदम उसळलं. मगातलं जवळजवळ सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आणि गळ्यावर गेलं. काचेचा मग खाली पडून फुटला. मी टूथपेस्ट आणायला धावले, तर काकी डोळे मिटूनच म्हणाल्या, "ते नको. नळ सोड." दवाखान्यात नेईपर्यंत त्या नळाखाली मान घालून उभ्या होत्या.

डोळे वाचले. गालापासून गळ्यापर्यंतची कातडी मात्र गेली. "तो मगच तडकलेला असणार," असं सगळे म्हणाले. मी मान डोलावली. घरी माझ्या मायक्रोवेव्हबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचलं, तेव्हा खरं कारण कळलं. गुळगुळीत भांड्यात पाणी न उकळताच प्रमाणाबाहेर तापतं, आणि धक्का लागला किंवा आत काही पडलं की उसळतं. दुसऱ्यांदा तापवू नये, असंही लिहिलं होतं. तरी मी तीन आठवडे गप्प राहिले.

शेवटी उरणजवळच्या त्यांच्या गावी गेले. गळ्याला पट्टी बांधून त्या ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"मना भाजलं त्याचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण जो भेटाया येतो त्याला मी सांगते, तडकलेला मग घेऊ नका. म्हणजे मी खोटंच सांगत व्हते?"

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही.

"इथं रडून काय? हापिसातल्या पोरी रोज पाणी तापवतात. जा, त्यांना सांग."

त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत. मी मात्र सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये उभी राहिले आणि पाणी मी दोनदा तापवलं होतं, म्हणूनच ते उसळलं, हे सगळ्यांसमोर बोलले. पाठीमागे मशीन थांबल्याची घंटी वाजली.

नुकतीच लागलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, आत माझा पाण्याचा मग आहे. मी आत्ता दुसऱ्यांदाच लावला होता."

दार उघडायला कोणीही पुढे झालं नाही.