मालिश कुणाची, कसरत कुणाची

वस्ताद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका बाईंकडून गुडघ्याचा व्यायाम करून घेत होते. फोन एका जुन्या पेशंटचा. "सकाळी चहा पिता पिताच मान टाकली," ते म्हणाले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. बाईंनी दोनदा "आता दुसरा पाय घेऊ का?" विचारलं, तरी मला ऐकू आलं नाही... त्याला आता महिना होऊन गेला.

किसन वस्ताद म्हणजे गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मालिश करणारे जुने पैलवान. ओवा-लसूण घालून कढवलेलं करडीचं तेल आणि दोन पंजे, एवढंच त्यांचं सामान. त्याच गल्लीच्या तोंडाशी मी फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला आणि पुढची वीस वर्षं आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य टिकलं. माझं म्हणणं सरळ होतं: शरीर ज्याचं त्यानं हलवायचं. दुसऱ्यानं दाबून दिलेलं सुख अंगी लागत नाही. पेशंट माना डोलवायचे आणि संध्याकाळी वस्तादांकडे जाऊन पालथे पडायचे. दुसऱ्या दिवशी अंगाला तेलाचा वास. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "बाई, तुम्ही सांगता ते पटतं, पण वस्ताद करतात त्यानं बरं वाटतं." माझा तिळपापड व्हायचा. वर वस्ताद रस्त्यात भेटले की विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई, आज किती लोकांला उठाबशा काढायला लावल्या?"

सत्तरी ओलांडल्यावर वस्ताद मोरीत घसरले. हाड शाबूत राहिलं, पण दुखतं म्हणून उजवा हात त्यांनी तीन महिने छातीशी धरून ठेवला आणि खांदा आखडला. त्यांच्या पत्नी शेवंताकाकू रोज तेल चोळायच्या, तरी हात खांद्याच्या वर जाईना. शेवटी हा माणूस माझी पायरी चढला. "सगळ्या गावाचं अंग मोकळं केलं ह्या हातानं," ते म्हणाले. "ह्योच गेला तर मी कामून जगू, सांगा?" खरं सांगते, मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मी त्यांना भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला सांगितलं. "मी काय पाल हाय का?" म्हणाले. दोरी दिली, काठी दिली. घरी दोन्ही कोपऱ्यात. इथं आले की "जरा दाबून द्या की," आणि माझं ठरलेलं उत्तर, "स्वतः करा." दीड महिना असाच गेला, खांदा तसूभरही हलला नाही. एके दिवशी चितेगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ कंबरदुखीसाठी टेबलावर पालथे झोपले होते. मी फोन घ्यायला बाहेर गेले. परतून बघते तर वस्ताद त्यांच्यावर वाकलेले, दोन्ही पंजे पाठीवर टेकवून, "इथं गाठ हाय बगा," म्हणत कमरेपासून मानेकडे सरकत चाललेले. आणि तो उजवा हात भिंतीवर कधी गेला नव्हता इतका लांब गेलेला. मी दारातच थांबले. हाक मारली असती तर त्यांनी तो पुन्हा छातीशी घेतला असता...

दुसऱ्या दिवसापासून हाच त्यांचा व्यायाम. रोज सकाळी माझ्या टेबलावर एक पाठ, आधी बेतानं, मग जरा लांबवर. हळूहळू खांदा सुटला. माझा डाव ध्यानात आला तेव्हा वस्ताद पोट धरून हसले. "म्हंजे इतकी वर्सं कसरत माझी होऊ रायली होती, आन् लोक नुसते झोपू रायले होते! जिंकल्या तुम्ही." पण मीही पुरती जिंकले नव्हते. त्या चितेगावच्या गृहस्थांनी महिनाभर माझा एकही व्यायाम घरी केला नव्हता, तो त्या आठवड्यात सगळा केला. का, म्हणून विचारलं. म्हणाले, "वस्ताद पाठीवर हात ठेवून म्हणाले, भिऊ नका, कंबर मोडत नाय, बाई सांगती ते करा." वीस वर्षांत मी कुणालाच असा हात लावून धीर दिला नव्हता. त्यानंतर शेवटपर्यंत आम्ही पेशंट वाटून घेतले. आधी वस्तादांचा हात, मग माझा व्यायाम.

दहावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. शेवंताकाकू भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या होत्या. "पाठ लई धरलीय गं," म्हणाल्या. "रोज झोपायच्या आधी तेच दाबायचे." मी त्यांच्या मागं बसले आणि दोन्ही हात पाठीवर ठेवले. कुठं किती जोर द्यायचा ते मला नीटसं कळत नव्हतं. डोळे भरून आले, थांबेनात... काकूंना ते न बघताच कळलं असावं. थोड्या वेळानं त्या वळल्या आणि त्यांनी माझे हात हातात घेतले.

"बास झालं. आता कसरत सांग मला."

"आज राहू द्या, काकू."

"नाय. त्यांनी मला बजावून ठेवलंय. म्हणले, माझ्यामागं तुला दाबायला कुणी नाय, तवा बाईकडनं शिकून घे."

मी सांगितलं तशा काकू ताठ बसल्या आणि दोन्ही हात हळूहळू वर उचलू लागल्या.