मुद्दाम हलवलेली झाडं

तिला सगळे फोटोबाई म्हणायचे. बाजाराच्या तोंडाशी, एका जिन्याखालच्या अरुंद गाळ्यात तिचा स्टुडिओ होता. निळा पडदा, फिरतं स्टूल, दोन छत्रीदिवे आणि आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा. दोरीला अशासाठी, की आधीचे सगळे कंगवे लोकांच्या खिशातून घरोघरी पोचले होते. खुंटीवर एक काळा कोट असायचा. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असणारा जो तो तोच कोट चढवायचा आणि ती मागून चिमटे लावून तो अंगाबरोबर करायची. समोरून साहेब, मागून वाळत घातलेलं धुणं.

नवरा लवकर गेला. त्याच्यामागे तिने हा गाळा चालवला आणि मुलाला त्याच स्टुलावर गरागरा फिरवत वाढवलं. तिने काढलेल्या फोटोत दोन्ही कान दिसायचे, डोळे उघडे असायचे आणि चेहऱ्यावर सावलीचा डागही नसायचा. हललेला फोटो तिच्या दुकानातून कधी बाहेर पडला नाही.

मुलगा हाताशी आला तशा तिच्या दुपारी मोकळ्या झाल्या. थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, गुडघे धरले होते आणि डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं. अक्का शिवणकाम करून म्हातारी झालेली. जिभेलाही कात्रीसारखी धार. दोघी वस्तीबाहेरच्या निलगिरीच्या रानात जायच्या. फोटोबाई जुना कॅमेरा बरोबर घ्यायची आणि झाडांचे फोटो काढायची.

एका ढगाळ दुपारी तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते सगळे फोटो एकापाठोपाठ पाहिले आणि तिचं डोकंच फिरलं.

"काय झालं गं?" अक्काने विचारलं.

"बघ ना. झाडांचेसुद्धा पासपोर्ट फोटो काढलेत मी! आता फक्त कोट घालायचा बाकी आहे यांना."

रागारागात तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबता दाबता तो सरळ वरून खाली ओढला. उजेड कमी असल्यामुळे शटर जरा जास्त वेळ उघडं राहिलं. पडद्यावर जे उमटलं ते पाहून ती तिथेच एका ओंडक्यावर बसली. खोडं वितळून लांबलचक पट्टे झाली होती, करडे, तांबूस, मधे हिरव्याची ओल. एकही पान ओळखू येत नव्हतं. पण रानात शिरल्यावर अंगावर जे येतं, ते सगळं त्यात होतं.

अक्काने चष्मा वर करून पाहिलं. "रंग सुटलेलं कापड दिसतंय."

"दिसू दे."

त्यानंतर ती इरेला पेटली. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, उन्हाच्या दिवशी भिंगापुढे काळी काच कशी लावायची, हे तिने चुकत चुकत स्वतःच शोधून काढलं. बटण दाबायच्या आधीच हात चालू लागला पाहिजे आणि शटर मिटल्यावरही तो थांबता कामा नये, नाहीतर रेघेला टोकाशी गाठ पडते. सरळ खोडांना खालीवर, झुडपांना गोल, रानाच्या कडेला आडवं. शंभर काढावेत, एखादा ठेवावा.

मुलाला वेगळीच शंका आली. जेवताना आईच्या उजव्या हातातला चमचा थरथरताना त्याने पाहिला होता. तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि शंका खरी ठरली. कंप होता, हळूहळू वाढणारा. गोळ्या लिहून मिळाल्या. परतताना मुलगा म्हणाला, "आई, म्हणूनच तुझे फोटो हलत होते."

"नाही रे बाबा. फोटो मी हलवले. हात आपला आपण हलतोय. ही दोन कामं वेगळी आहेत."

त्याने मान डोलावली, पण त्याला पटलेलं नाही हे तिला दिसलं.

गावात हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं. मंडळाचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. माणूस भला होता, समोरच्याचा दात दुखत असल्यासारखं सगळ्यांशी हळुवार बोलायचा. वार्षिक प्रदर्शनासाठी त्यांनी तिचे सहा फोटो मागून नेले, तेव्हा तिला फार आनंद झाला. उद्घाटनाच्या सकाळी ती अक्काला घेऊन लवकरच पोचली. फोटो छान मांडले होते. चांगली भिंत, चांगला उजेड. शेजारी मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'थरथरत्या हातांनी टिपलेलं रान. एका आईची आजाराशी झुंज.'

तिने पाटी दोनदा वाचली. मग सेक्रेटरींना गाठलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या चिरंजीवांनी. ताई, लोकांना फार भिडेल हे. नाहीतर लोक म्हणतील, फोटो हललेत."

"हललेतच ते! मी हलवलेत. तसं लिहा."

"पण आजार खरा आहे ना?"

"खरा आहे. मला चष्मा आहे, तोही खराच आहे. बाकीच्या कुणाच्या फोटोशेजारी त्याचं दुखणं लावलंय का? यांची साखर, त्यांचा मूळव्याध?"

सेक्रेटरी कसनुसे हसले. "पत्रिकेतही तसंच छापून झालंय हो. आता ऐनवेळी कसं बदलायचं?"

"तुम्ही बदलू नका," ती म्हणाली. "मीच नेते."

आणि तिने पहिली फ्रेम खिळ्यावरून काढली. हात थरथरत होता आणि फ्रेम भिंतीवर टकटक वाजत होती. सगळे पाहत होते. मदतीला पुढे आलेल्या दोघांना तिने नुसत्या नजरेने मागे सारलं. अक्काने एक शब्द न बोलता स्वतःची शाल जमिनीवर अंथरली, फ्रेमा गुंडाळल्या आणि बोचकं काखोटीला मारलं. बाहेर पडताना मात्र तिला राहवलं नाही. "दात तेवढे काढा लोकांचे," ती म्हणाली.

भरबाजारातून दोघी स्टुडिओत आल्या. फोटोबाईने दर्शनी काच उघडली, नवरानवरीचे आणि गुटगुटीत बाळांचे नमुने खाली उतरवले आणि तिथे आपली झाडं टांगली.

मुलगा धावत आला. "आई, गिऱ्हाइकं पळतील! वाटेल, इथे फोटो असेच येतात."

"तू सांगितलंस त्यांना?"

त्याने खाली उतरवलेले नमुने गोळा केले. मग म्हणाला, "वाईट काय केलं? तुझं कौतुक व्हावं म्हणूनच सांगितलं."

"माझ्या दुखण्याचं कौतुक नकोय मला. आयुष्यभर लोकांना हवे तसे फोटो काढले. हे पहिले माझे आहेत. तेही तू आजाराच्या नावावर करून टाकलेस."

त्याचे डोळे भरून आले. तिला वाईट वाटलं, पण फ्रेमा तिने हलू दिल्या नाहीत.

पुढे कितीतरी दिवस येणारेजाणारे काचेशी थांबायचे. भाजीवाली म्हणाली, "बाई, मशीन बिघडलं वाटतं." फोटोबाई प्रत्येकाला तेच उत्तर द्यायची, "मशीन ठीक आहे. मी हलवलंय." बरेचजण हसून पुढे जायचे. लायसन्सच्या फोटोसाठी आलेला एक बसड्रायव्हर मात्र आडव्या पट्ट्यांच्या फोटोपुढे उभाच राहिला. "घाट उतरताना बाजूची झाडं अशीच दिसतात," तो म्हणाला. "घरी सांगून कुणाला कळत नव्हतं." त्याने तो फोटो विकत मागितला. तिने त्याला दुसरी प्रत काढून दिली. त्या दिवशी पैसे मुलाने घेतले आणि पावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'झाडं, मुद्दाम हलवलेली.'

पुढच्या वर्षी सेक्रेटरी आले. पाटीवर फक्त तिचं नाव लावतो म्हणाले आणि शब्द पाळला. प्रदर्शनात निम्म्या लोकांनी नाकं मुरडली. ती दिवसभर भिंतीशी खुर्ची टाकून बसली आणि ज्याने विचारलं त्याच्याशी कडाकडा भांडली. इतकी मजा तिला लग्नातही आली नव्हती, असं अक्का सांगते.

कंप वाढत गेला, गोळ्यांना दाद देईना. मग तिने कॅमेरा पट्ट्याने छातीशी घट्ट बांधला, बटणाची वायर डाव्या हातात घेतली आणि कमरेतून वळायला शिकली. झाडासमोर उभी राहून ती सगळं अंग झोकून द्यायची. अक्का मागून ओरडायची, "पडशील गं!" एकदा खरंच पडली. उठली, गवत झटकलं आणि पुन्हा वळली.

अलीकडे मुलगाही रानात येतो. परवा फोटो पाहता पाहता तो एकावर थबकला. खोडांच्या कडांना बारीक दाते पडले होते, जणू उजेडालाच शहारा आला होता.

"आई, हा सगळ्यात सुंदर आहे."

तिने निरखून पाहिलं. "सुंदर आहे खरा. पण हा माझा नाही. त्या वेळी उजवा हात चुकून कॅमेऱ्याला लागला होता. हा त्याने काढलाय."

"कुणाला कळणारे?"

"मला," ती म्हणाली, आणि तो फोटो पुसून पुन्हा झाडांकडे तोंड करून उभी राहिली.