कुठं नेताय ते सांगावं

आमच्या नांदेडच्या घरात मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा छापून आणायचे, अक्का आणि मी फरशीवर बसून घड्या घालायचो. त्यामुळे अक्का दुसऱ्यांदा बरी होऊन दवाखान्यातून घरी आली, तेव्हा मी तिच्यापुढे पत्रकच ठेवलं. मीच लिहिलेलं. मानसिक आजारात आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हे माणूस बरं असताना स्वतः लिहून ठेवू शकतं, एवढंच त्यात होतं. खाली ठळक अक्षरात: रुग्ण म्हणजे सामान नव्हे.

बाबा म्हणाले, "बाँडवर कर. साध्या कागदाला कोण विचारून राहिलंय?"

"कायद्याला साधा कागद चालतो," मी म्हणाले आणि वहीचं पान फाडलं.

अक्कानं माझं नाव लिहिलं. दोन्ही वेळा दाजींनी तिला लग्नाला जायचंय म्हणून जीपमध्ये बसवलं होतं. एकदा तर ती ठेवणीतली साडी नेसून लातूरच्या दवाखान्यात उतरली होती. म्हणून खाली तिनं लिहिलं: 'कुठं नेताय ते खरं सांगावं. मी नाही म्हणाले तरी सांगावं.'

"माझंच नाव का गं?"

"तुला खोटं बोलता येत न्हाई. पत्रकवाली हायस तू," ती हसली.

गेल्या उन्हाळ्यात ती माहेरी आली होती, तेव्हा तिची झोप पुन्हा गेली. चौथ्या दिवशी दुपारी ती गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसली, पाय बाहेर सोडून. दाजी बिलोलीहून जीप घेऊन आले होते. मी तिच्यापासून चार हातांवर उभी राहिले आणि खरं सांगितलं, "अक्का, लातूरला दवाखान्यात जायचंय."

ती थोडी पुढं सरकली.

मी कारणं सांगितली. एकेक मुद्दा, पत्रकात लिहावा तसा. ती आणखी सरकली.

जिन्यातून दाजी हळूच म्हणाले, "तुझ्या कायद्याला सांग की, धर म्हणावं तिला."

संताप आला.

"बरं, राहू दे," मी अक्काला म्हणाले. "औशाला जाऊ. आत्याकडे."

ती वळली. "खरंच?"

"हाव."

तिनं पाय आत घेतले. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून घेतले नसते.

लातूर येईपर्यंत ती आत्याच्या हातच्या शेंगाच्या चटणीबद्दल बोलत होती. लातुरात जीप औशाचा रस्ता सोडून वळली आणि तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यात मी वहीचं पान पुढे केलं. बाँड कोणी मागितला नाही. डॉक्टर बाईंनी ते शेवटच्या ओळीपर्यंत नीट वाचलं आणि अक्काला विचारलं, "इथे आणतोय हे बहिणीनं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं.

"हाव," ती म्हणाली. "तिला खोटं बोलता येत न्हाई."

बाईंनी भरतीचा अर्ज माझ्याकडे सरकवला. प्रतिनिधीच्या जागेवर मी सही केली.