आईच्या उशाचा कप

ऑराबेल कॅपर्स, सगळ्यांची बेल, बावीस वर्षं चौदा आसनांची गाडी चालवत होती. सकाळी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या डॉर्सी बेटावरच्या हॉटेलांतून पाहुणे घ्यायचे, पूल ओलांडायचा, सोमवारी आणि गुरुवारी ब्यूफोर्ट, मंगळवारी आणि शनिवारी सव्हाना, आणि सहाच्या आत सगळ्यांना परत आणून सोडायचं. कुठल्या हवेलीत कुठला सेनापती मुक्कामाला होता, कुठल्या जिन्यावरून कुठली नवरी पळून गेली, सगळं तोंडपाठ. ज्या घरांत तिच्या पणजीनं लोकांचे कपडे धुतले, त्याच घरांच्या झुंबरांचं कौतुक ती इतक्या गोड आवाजात करायची की उतरताना पाहुणे तिला मिठ्या मारत. हा तिचा गाडीतला आवाज. घरचा आवाज निराळा होता, आणि तो ऐकलेली माणसं बेटावर आता फारशी उरली नव्हती.

राग धरावा तर बेलनंच. तिची थोरली बहीण अर्नेस्टीन, घरची टीनी, तरुणपणी न्यूयॉर्कला गेली आणि नड आली तेव्हा बापजाद्यांच्या जमिनीतला आपला वाटा एका कंपनीला विकून मोकळी झाली. जमीन सगळ्यांची मिळून होती, वाटण्या कधी झाल्याच नव्हत्या. एक वाटा हाती येताच कंपनी कोर्टात गेली आणि सगळीच जमीन लिलावात निघाली. आता तिथं गोल्फ खेळतात. गावाची दफनभूमीसुद्धा फाटकाच्या आत गेली. आपल्या माणसाच्या थडग्यावर जायला पास दाखवावा लागतो. आई म्हातारपणी भाड्याच्या पत्र्याच्या घरात आली आणि दीड वर्षात गेली.

बेलनं बहिणीला दफनाचं कळवलंही नाही. पत्रं यायची, ती न फोडता परत पाठवायची. टीनीचा नवरा वारला तेव्हाही हिनं चार शब्दांची विचारपूस केली नाही. चर्चमधल्या बायकांनी समजावून पाहिलं, तर म्हणाली, "माझं काय घेऊन बसलात? मी एक वेळ विसरेन. पण आईला तिच्या जमिनीवर मरू दिलं नाही हिनं. आईच्या वतीनं माफ करणारी मी कोण?" पस्तीस वर्षं हेच एक पालुपद.

एप्रिलातल्या एका गुरुवारी यादीत शेवटचं नाव होतं, ई. डंकन, जागा नऊ. रुंद कडेची हॅट, काळा चष्मा, हातात काठी, अंगावर मांस म्हणून नाही. बेलनं तिकीट घेतलं आणि तो हात पाहिला. करंगळी वाकडी, तिच्यावर कालवं फोडायच्या सुरीचा जुना वण. हा हात टीनीचा होता, आणि डंकन हे तिचं सासरचं नाव.

"सावकाश हं मॅडम," बेल गाडीतल्या आवाजात म्हणाली. "पायरी उंच आहे."

"दिसतेय," म्हणून टीनी चढली.

ब्यूफोर्टला नेहमीप्रमाणे हवेल्या झाल्या, चर्च झालं, आणि मग काळ्या लोकांची जुनी दफनभूमी. तिथं थडग्यांवर कप, बशा, घड्याळं, कंदील मांडलेले असतात. ओहायोचे एक निवृत्त मास्तर होते, ते म्हणाले, "हे काय, आवराआवर कोणी करत नाही वाटतं?"

सगळे हसले. बेलही हसली, रोजची सवय. "गेलेल्या माणसानं ज्या कपातून शेवटचं प्यालं, तो त्याच्या उशाशी ठेवायचा. नाहीतर ते माणूस तहानेनं घरी परत येतं. आणि ठेवताना कपाचं बूड फोडायचं. म्हणजे साखळी तुटते, घरातलं दुसरं कोणी त्याच्या मागोमाग जात नाही."

"आणि तो कप सापडलाच नाही तर?" हॅटवालीनं मागून विचारलं.

बावीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"मग दुसरा ठेवतात."

"चालतं?"

"चालवून घ्यावं लागतं, मॅडम."

दुपारी पाहुणे नदीकाठच्या खानावळींत पांगले. बेल झाडाखालच्या बाकावर डबा उघडून बसली. काठी टेकत टीनी आली.

"कोळंबीचा लाल भात ना? मिरची अजून मूठभरच घालतेस. वासानंच ठसका लागला."

"जेवणाची सोय तिकडे आहे, मॅडम. गाडी दोनला निघेल."

"टिट्टा," टीनी म्हणाली. बहिणीला हाक मारायचा हा त्यांचा घरचा शब्द. "मला मॅडम नको ना म्हणूस."

"का? पैसे भरून आलीस, मान मिळणारच."

"एक गोष्ट सांगायची आहे. पाच मिनिटं."

"दोनला," बेल म्हणाली आणि डबा मिटला. अर्ध्याहून जास्त भात तसाच होता.

संध्याकाळी सगळे उतरले तरी नवव्या जागेवरची उठेना. गाडी हॉटेलच्या दाराशी उभी होती. "मला आईकडे ने," टीनी म्हणाली. "काल गोल्फवाल्यांच्या फाटकापर्यंत गेले होते मी. पहारेकरी म्हणाला, तुमचं इथं कोण? पास तुझ्याकडे आहे."

"सांगायचं होतंस त्याला, हे सगळं विकलं ती मीच म्हणून. सलाम ठोकून सोडलं असतं."

टीनीनं चष्मा काढून डोळे पुसले. "तू तेव्हाही अशीच होतीस. म्हणूनच तर आई..." पुढचं ती बोलली नाही. "जाऊ दे. दमले मी."

"सहल हॉटेलपाशी संपते," बेल म्हणाली.

टीनी उतरली. पायरी खरंच उंच होती, आणि बेलनं हात दिला नाही.

गाडी झाडताना नवव्या जागेवर रुमालात बांधलेलं काहीतरी सापडलं. बेलनं गाठ सोडली. जाड निळा कप, काठाचा टवका उडालेला. ती तिथंच गाडीच्या पायरीवर बसली.

आई गेली त्या पहाटे याच कपात बेलनं स्वतः तिला कॉफी दिली होती, आणि मग हॉटेलात खोल्या साफ करायला गेली होती. परतली तेव्हा आई खुर्चीत थंड पडलेली. कपासाठी तिनं सगळं घर उलथंपालथं केलं, शेवटी शेल्फवरचा एक पांढरा कप फोडून थडग्यावर ठेवला. त्यानंतर कितीदा तरी आई स्वप्नात येऊन पाणी मागायची. आणखी एक गोष्ट तिला कधी उलगडली नव्हती. त्या दिवशी मोरीपाशी दोन बशा धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. दोन.

म्हणजे टीनी आली होती. बेल कामावर असताना आली होती, आईनं तिला जेवू घातलं होतं आणि आपला कप तिच्या हातात दिला होता. आईनं केव्हाच माफ केलं होतं. बेलला सांगितलं नाही, कारण आईला बेलचीच भीती वाटत होती.

आईच्या वतीनं, आईच्या वतीनं, म्हणत पस्तीस वर्षं काढली, आणि आई त्यात नव्हतीच. हे बेलला त्या पायरीवर कळलं. ती मोठ्यानं रडली. हॉटेलचा माळी धावत आला, त्यालाही तिनं हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पास घेऊन ती हॉटेलात गेली. डंकनबाई पहाटेच्या विमानानं गेल्या होत्या. परत पाठवलेल्या पत्रांवरचा पत्ता तिला पाठ होता. तिनं एवढंच लिहिलं: "ये. पास माझ्याकडे आहे. मी नेते."

जूनमध्ये न्यूयॉर्कहून टीनीच्या शेजारणीचा फोन आला, टीनी वारल्याचा. "तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं हो. म्हणाल्या, बॅग भर, बेलनं बोलावलंय. अंथरुणातून उठवत नाही, आता कसल्या जाताय म्हटलं, तर माझ्यावरच खेकसल्या. गेल्या तेव्हा बॅग भरून दाराशीच होती."

"तिच्या उशाशी काही ठेवलंत का?" बेलनं विचारलं.

"इथं ठेवू देत नाहीत, बाई. गवत कापायचं यंत्र फिरतं ना."

दुसऱ्या दिवशी सहल निघायच्या आधी बेल फाटकातून आत गेली. एका हातात निळा कप, दुसऱ्या हातात हातोडी. आईच्या उशाचा पांढरा कप तिनं उचलून बाजूला ठेवला. निळा कप दगडावर पालथा घातला, हातोडी उगारली. बूड फोडायचं ते मागं राहिलेल्यांसाठी. टीनीला मूलबाळ नव्हतं, बेलनं लग्न केलं नव्हतं. साखळी तोडून वाचवायचं होतं ते फक्त स्वतःलाच.

तिनं हातोडी खाली ठेवली. कप सुलटा केला, बाटलीतलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं आणि तो तसाच, अख्खा, आईच्या उशाशी ठेवला. "घ्या," ती घरच्या आवाजात म्हणाली, "दोघी प्या." मग ती गाडीकडे गेली. सव्हानाला जाणारे अकरा पाहुणे तिची वाट पाहत होते.