बोट ठेवलं तिथे सही

मस्कतमधल्या अठरा वर्षांत मी किती कागदांवर सह्या केल्या, देव जाणे. करारपत्र, व्हिसा, लेबर कार्ड, घरभाड्याचे कागद, सगळे अरबीत. आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा माणूस, फाइल उघडायचा, एका जागी बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "यल्ला." मी सही करायचो. तो म्हणायचा, "खलास." वर काय लिहिलंय हे मी एकदाही विचारलं नाही. कुरुममधल्या एका ऑफिस बिल्डिंगच्या एसी प्लांटवर मी सुपरवायझर होतो. तिथे कोणी न तपासता एखादा व्हॉल्व्ह उघडला तर मी त्याचा उद्धार करायचो. स्वतःच्या नावाच्या कागदाला मात्र ती तपासणी कधी लावली नाही. या सवयीने आमच्या घरात काय केलं ते सांगतो, आणि सांगताना आवाज चढला तर चढू दे.

दोन हजार सतरा साली मुलगी बारावी झाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे खूळ आम्ही भरवलेलं नव्हतं, आठवीपासून तिचं तिनेच धरलेलं होतं. प्रवेशपरीक्षा द्यायला ती आईबरोबर मुंबईला गेली. मार्क चांगले पडले, पण देशभरातल्या यादीत नंबर लागावा इतके नाही. महाराष्ट्राच्या यादीत मात्र सहज लागला असता. तिच्याहून कमी मार्कांची चिपळूणची आमची एक भाची सरकारी कॉलेजात गेली.

मी रजा काढून गेलो. गुहागरचा सातबारा, रेशनकार्ड, आजोबांचा शाळेचा दाखला, सगळं पिशवीत घालून मुंबईत प्रवेशाच्या कचेरीत उभा राहिलो. कारकुनाने पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही. दहावी-बारावी राज्यात झालेली नाही म्हणाला. "मुलगी बाहेरची आहे." दरवर्षी गणपतीला न चुकता गावी येणारी, आजीला आरत्या म्हणून दाखवणारी माझी मुलगी बाहेरची. वर सल्ला दिला, "एनआरआय कोट्यात बसवा की, तुम्हाला काय कमी." जणू माझ्या बाल्कनीत तेलाची विहीर होती. तळपायाची आग मस्तकात गेली, पण नियम त्याने केलेला नव्हता, म्हणून पिशवी उचलून निघालो.

मस्कतमधल्या आमच्या दार्सैत भागातल्या शहाण्या कुटुंबांना हा नियम ठाऊक होता. मुलं नववीत गेली की बायको-मुलांना ती गावी पाठवून देत आणि नवरे चौघांत एक खोली घेऊन राहत. आम्ही तसं केलं नाही. "आम्ही एकत्र राहणार," असं मी चारचौघांत मिरवून सांगायचो. त्या मिरवण्याचा भुर्दंड आता मुलीला पडणार होता.

अशा वेळी दार्सैतमध्ये सगळे दादांकडे जायचे. दादा रत्नागिरीचे, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे, सगळ्यांत जुने. कोणाच्या मुलाने कुठे शिकायचं हे तेच ठरवायचे, कारण त्यांचा मुलगा फिलिपिन्सला गेला होता आणि दार्सैतभर त्याला 'डॉक्टर' म्हणत होते. दादा म्हणाले, "अरे, टेन्शन कशाला घेतोस? तिथं आधी बीएसची साधी पदवी करायची, मग त्याच रांगेत पुढं एमडी, म्हणजे आपलं एमबीबीएस. माझा पोरगा गेला, आणखी पाच पोरं पाठवली मी. शुक्रवारी एजंट येतोय. ये."

शुक्रवारी कुरुमच्या एका हॉटेलात गेलो. पडद्यावर नारळाची झाडं, पांढरे कोट, हसरे चेहरे. एजंटचा टाय माझ्या सगळ्या कपड्यांहून महाग असावा. तो हिंदीत बोलत होता आणि दर वाक्याला मला सर म्हणत होता. पंचवीस-तीस आईबाप आणि त्यांची मुलं बसली होती, पण मुलांना कोणी एक प्रश्न विचारला नाही, मीही नाही. मग फॉर्म आले. चार पानी, बारीक अक्षरांतले, आणि इंग्रजीत. अरबीत नव्हते, हे मुद्दाम सांगतो. मी डिप्लोमा झालेला माणूस, मशिनांची इंग्रजी मॅन्युअलं वाचणारा. एजंटने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. शेजारी बसलेल्या मुलीने माझी बाही ओढली. "जरा थांब," असं तिला म्हणून मी सही केली.

दुसऱ्या दिवशी देवळात पेढे वाटले. लोक मुलीला डॉक्टरीणबाई म्हणाले. ती हसली नाही, पण भित्री आहे, घर सोडायचंय, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

आठवड्याने एजंटचा फोन आला की मुलीचा पासपोर्ट आणि बारावीचं मूळ मार्कशीट उद्या द्या. संध्याकाळी मी ते पाकिटात भरत होतो. मुलगी आपली फॉर्मची प्रत घेऊन समोर बसली.

"बाबा, ही लाइन बघा," ती म्हणाली. तिचं मराठी अडखळतं, त्यात त्या दिवशी आणखी अडखळलं. "बीएस झाल्यावर एमडी ऑटोमॅटिक नाही मिळत. परत एन्ट्रन्स आहे. आणि सीट असली तरच. नाही मिळाली तर कॉलेज रिस्पॉन्सिबल नाही."

मी ती ओळ तीनदा वाचली. इंग्रजी सोपं होतं.

तसाच चपला घालून वर गेलो. दादा टीव्ही बघत होते. मी ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का. त्यांनी टीव्ही बंद केला.

"मी पण तिथंच सही केली होती," ते म्हणाले.

"मग तुमचा मुलगा?"

"बीएस झालं. पुढची परीक्षा दोनदा दिली त्याने. आता तिसऱ्यांदा देणार आहे."

"मग दार्सैतभर त्याला डॉक्टर काय म्हणवता?"

"होईलच ना. इन्शाल्ला."

"आणि ती पाच पोरं?"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या. दादांना यातून काही मिळत नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. मिळत असतं तर भांडायला बरं पडलं असतं. लोक सल्ला विचारायला येत होते आणि त्यांना खरं सांगायला लाज वाटत होती, एवढंच. पण लाज त्यांची, आणि वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. चहा घेतला नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

घरी आलो तो धुमसतच. एजंट चोर, दादा खोटारडे, कारकून माजलेला, असं मोठमोठ्याने सुरू केलं. बायको समजूत काढायला लागली तशी तिच्यावरही घसरलो. "एवढी तीस माणसं होती तिथे. एकालाही तो कागद वाचावासा वाटू नये?"

"मी वाचला होता," मुलगी म्हणाली.

"कधी?"

"हॉटेलमध्ये. तो पडद्यावर बोलत होता तेव्हा. म्हणून तुमचा शर्ट ओढला. तुम्ही म्हणालात, जरा थांब." तिने फॉर्मची घडी घातली. "मग मी थांबले."

"आणि आठवडाभर?"

"तुम्ही पेढे वाटले ना, बाबा."

ज्यांच्या नावाने शंख केला त्या सगळ्यांचा राग क्षणात गेला असं नाही. तो आजही आहे. पण त्या रांगेत पहिला उभा मी होतो आणि माझ्यावर ओरडायला कोणी नव्हतं. मी पाकिटातून पासपोर्ट आणि मार्कशीट काढून तिच्या हातात दिलं. एजंटला फोन करून नाही म्हटलं. तो म्हणाला, "सर, सब लोग साइन करते हैं." त्याचं खरं होतं. त्या वर्षी दार्सैतमधून आणखी दोन मुलं तिथे गेली. मी दोघांच्याही घरी जाऊन ती ओळ वाचून दाखवली, तर एका बापाने मलाच विचारलं, तुमच्या मुलीचं जमलं नाही म्हणून आला आहात का.

मुलीने घरी राहून वर्षभर पुन्हा अभ्यास केला आणि तीच प्रवेशपरीक्षा परत दिली. पुढच्या जूनमध्ये कॉलेजांची यादी तिने केली, क्रम तिने लावला, फॉर्म तिने भरले. मला फक्त पालक म्हणून सही करायची होती. तिने कागद माझ्यासमोर ठेवले आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. मी सवयीने शेवटचं पान उलटलं, पेन उघडलं आणि थांबलो.

"आधी वाचू का?" मी विचारलं.

"वाचा," ती म्हणाली. "मी थांबते."